कात्रीखालचा कागद

माझ्या दुकानातली मोठी कात्री कापड कापायची आहे. हे मला मुद्दाम सांगावं लागतंय, यातच सगळं आलं. भारी पोलादी कात्री, धंदा सुरू केला त्या वर्षी घेतलेली. पण गेली बावीस वर्षं आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची समजूत अशी आहे की ती कागद दाबायला ठेवलेली आहे. आणि याला कारण माझी बायको.

बायको नर्स आहे. मोठ्या सरकारी इस्पितळात, ऑपरेशनच्या पेशंटांच्या वॉर्डात, चोवीस वर्षं. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते. मी म्हणत नाही, का ते सांगायला नको. दिवसभर लोकांच्या जखमा धुऊन घरी येते, आल्या आल्या माझ्या आईच्या पायाचं ड्रेसिंग करते, लेकीला ऑफिसात काय झालं ते विचारते, स्वयंपाकाचं बघते. मग चहाचा कप घेऊन खुर्चीत टेकते आणि मला वाटतं, बसली बाई एकदाची. तेवढ्यात ती पिशवीतून कागद काढते.

कागद कशाचे म्हणून विचारू नका. गटाराचं झाकण गेलं, अर्ज. शाळेपुढे गाड्या सुसाट जातात, अर्ज. बसथांब्यावर म्हातारी माणसं उन्हात उभी राहतात, छप्पर पाहिजे, अर्ज. आणि अर्ज म्हटला की खाली सह्या आल्या. सह्या गोळा करायची जागा कुठली, तर माझं कापायचं टेबल. का, तर दुकान आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत, कोपऱ्यावर आहे आणि माप द्यायला, कपडे न्यायला सगळी गल्ली तिथून जाते. मी शिंपी आहे की टपाल कचेरी, असा प्रश्न मी अनेकदा विचारलाय. उत्तर आलेलं नाही.

पहिल्यांदा तिनं कागद आणला तेव्हा मी एक कोट बेतत होतो. पंख्यानं कागद उडाला आणि थेट इस्त्रीपाशी पडला. तिनं तो उचलला, झटकला, टेबलावर ठेवला आणि वर माझी कात्री ठेवली. मला न विचारता. आता कात्री उचलली की कागद उडणार आणि कागद धरला की कोटाचं कापड सरकणार. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, टेबल घे, कात्री घे, मी गेल्यावर मशीनही घे, पण तुझ्या भानगडींवर माझी सही मागू नकोस.

ती म्हणाली, "बरं. मागणार नाही. जागा ठेवते."

आणि तिनं पहिल्या ओळीवर स्वतःची सही केली, दुसरी ओळ रिकामी सोडली.

तेव्हापासून तोच रिवाज पडला. पहिली ओळ तिची, दुसरी माझी, आणि ती कायम रिकामी. लोक तिसऱ्या ओळीपासून सुरू करतात. कुणी कुणाला सांगत नाही. नवा भाडेकरू पॅंट आखूड करायला येतो, बाकीच्यांचं बघतो, कात्री सरकवतो, खाली सही ठोकतो आणि वर मलाच म्हणतो, तुमची राहिली वाटतं. हा विनोद मी बावीस वर्षं ऐकतोय. दर वेळी सांगणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच सुचला.

आणि वाचत कोणी नाही. हे मी डोळ्यांनी बघत आलोय. सिस्टरचा कागद ना, मग झालं. खरी गंमत पुढे आहे. हीच बाई वॉर्डात ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म नातेवाइकांना अक्षरन् अक्षर वाचून दाखवते. मोठे सर्जन खोळंबतात, चिडतात, ही आपली वाचतेय. कळलं का, परत सांगा बघू, असं विचारते आणि मगच पेन देते. हे ती आम्हाला जेवताना अभिमानानं सांगते. आणि इकडे तिच्याच नवऱ्याच्या टेबलावर अख्खी गल्ली डोळे मिटून सह्या करते. मी हे तिला एकदाही बोललो नाही, कारण बोललो असतो तर ती दुकानात येऊन सगळ्यांना वाचून दाखवत बसली असती.

आता दवाखान्याचं सांगतो. तो आमच्या दुकानासमोरच आहे, रस्ता ओलांडला की. छोटासा, चार खोल्यांचा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर, ड्रेसिंगची खोली. तो उघडावा म्हणून बायको पाच वर्षं अर्ज करत होती. उघडला त्याला पंधरा वर्षं झाली. तिची नोकरी तिथं नाही, पण सुट्टीच्या दिवशी ती तिथंच सापडते. कुणाच्या पट्ट्या बदल, कुणाला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजाव. मी दुकानातून बघत असतो. मी चारचौघांत किती वेळा म्हणालो असेन, हा दवाखाना एकदाचा उठू दे, म्हणजे माझी बायको मला मिळेल. चिडून म्हणायचो. कधी हसत म्हणायचो. लोकही हसायचे.

सात वर्षांपूर्वी मला मशीनवर बसल्या बसल्या चक्कर आली होती, तेव्हा मलाही तिथंच नेलं होतं. मग मोठ्या इस्पितळात दहा दिवस. डॉक्टर काय काय बोलत होते, मी कान बंद करून पडून होतो. मला इस्पितळाची भीती वाटते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. घरी सोडताना त्यांनी कागदांची चळत दिली, ती बायकोनं कपाटात ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या बशीत तीन गोळ्या असतात, मी गिळतो. कशाच्या, ते मी विचारलेलं नाही. त्याच सुमारास माझ्या टेबलाच्या वरच्या फळीला टोकाशी तडा गेला. कापड त्यात अडकतं, धागे निघतात. कसा गेला म्हणून विचारलं तर जो तो वर छताकडे बघतो.

तर या वर्षी शाळा उघडायच्या आधीची गोष्ट. माझ्यासाठी ते दिवस म्हणजे डोक्यावर टांगती तलवार. गणवेशांचा ढीग पडलेला, आया दारात उभ्या, प्रत्येकीचा मुलगा दोन महिन्यांत वीतभर वाढलेला. अशात दुपारी पालिकेतला लिपिक आला. सरळमार्गी माणूस आहे, घामाघूम झाला होता. हातात चार पानांचा फॉर्म. म्हणाला, दवाखान्याबद्दल रहिवाशांचं मत मागवलंय, सिस्टरना द्या, सोमवारी न्यायला येतो. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी मानेनं हो म्हटलं. पंखा चालू होता. मी फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर कात्री ठेवली.

झालं. एवढंच केलं मी.

त्या आठवड्यात बायकोच्या वॉर्डातल्या दोघी आजारी होत्या आणि ती दुप्पट ड्युटी करत होती. मी दुकान उघडायच्या आधी जायची आणि मी बंद केल्यावर यायची. फॉर्मचं तिला सांगायचं मी साफ विसरलो. गणवेशांशिवाय मला काही सुचत नव्हतं. येणारे लोक कात्री सरकवत होते, पेन उचलत होते, मी कॉलर जोडत होतो. सोमवारी लिपिक आला, फॉर्म उलटून बघितला आणि त्याचे डोळेच विस्फारले. एवढ्या सह्या? चार दिवसांत?

आणि मी, मूर्ख माणूस, फुशारकीनं म्हणालो, "आमच्या टेबलावर असंच असतं. घेऊन जा एकदाचं, जागा मोकळी होईल."

दहा दिवसांनी दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली. रहिवाशांनी लेखी संमती दिल्यामुळे हा दवाखाना महिन्याअखेर नव्या इमारतीत हलवण्यात येईल. नवी इमारत कुठं, तर गावाबाहेर, गोदामांच्या पलीकडे, दोन बस बदलून. कुणाला हरकत असेल त्यानं येत्या गुरुवारच्या सुनावणीला यावं.

बायकोचा तो सुट्टीचा दिवस होता. ती नोटीस वाचताना मला दुकानातून दिसत होती. पाठमोरी. एकदा वाचली, परत वाचली. मग रस्ता ओलांडून आली आणि मला नुसतं एवढंच विचारलं की पालिकेचा कागद आला होता का. माझ्या हातातली सुई खाली पडली.

घरात सगळे जमले तेव्हा तिनं वही काढली. वॉर्डात चूक झाली की ती जशी लिहितात तशी. किती वाजता आला, कोणी दिला, काय म्हणाला, कुठं ठेवलात, कोणी नेला. मी उत्तरं देत होतो आणि माझा पारा चढत होता. मी काय गुन्हेगार आहे? तू कागद आणून आणून माझ्या टेबलाची ही गत केलीस, माणूस सवयीनं कात्री ठेवणार नाही तर काय डोक्यावर ठेवणार? ती लिहीत होती. आतल्या खोलीतून आई ओरडून विचारत होती, काय झालं, कोण गेलं? तिला ऐकू कमी येतं. तिला वाटलं कोणी वारलं.

मग लेक बोलली. ती सहसा आमच्यात पडत नाही.

"बाबा, तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत?"

ती खाली मान घालून म्हणाली, तुम्हीच नेहमी म्हणता ना, उठू दे एकदाचा. तीस वर्षं हाताला सुया टोचून घेतल्यात मी, पण असं कधी लागलं नव्हतं. मी बायकोकडे बघितलं. आता ती म्हणेल, काहीतरीच काय बोलतेस, तुझे बाबा असं करतील का? तिनं वही मिटली आणि उठून आईच्या ड्रेसिंगचं सामान काढायला गेली.

मी मागोमाग गेलो. ती आईच्या पायाशी बसून जुनी पट्टी सोडवत होती. मी विचारलं, तुला पण तसंच वाटतं का? नीट सांग.

ती वर न बघता म्हणाली, "वॉर्डात चुकीचं औषध गेलं तर आधी पेशंटकडे बघायचं असतं. कोणामुळे गेलं ते नंतर."

हे काय उत्तर झालं? हो म्हण नाहीतर नाही म्हण. गुरुवारपर्यंतचे तीन दिवस मी हाच विचार करत होतो. दोन गणवेश चुकीचे कापले. एका पॅंटचे दोन्ही पाय उजवे झाले. दवाखाना राहील की जाईल याची काळजी मला नव्हती असं नाही, पण खोटं कशाला बोलू, मला त्याहून मोठी काळजी ही होती की माझी बायको मला काय समजते. अठ्ठावीस वर्षं जिच्याबरोबर काढली ती मनातल्या मनात मला लबाड म्हणत असेल, तर मी सकाळी तिच्या हातच्या तीन गोळ्या कोणत्या तोंडानं गिळू?

सुनावणीला पालिकेच्या मागच्या खोलीत गेलो. पिवळ्या भिंती, हलणारी बाकं, कोपऱ्यात फायलींचे गठ्ठे. गल्लीतले तीसेक जण आले होते. बसड्रायव्हर होता, निवृत्त मास्तर होते, लेक रजा टाकून आली होती. अधिकारी चष्म्यावरून बघणारे, दमलेले गृहस्थ होते. त्यांनी फॉर्म पुढे टाकला. वर ठळक अक्षरात छापलं होतं, दवाखान्याच्या स्थलांतरास आमची हरकत नाही. खाली एकशे अडतीस सह्या.

गल्लीतले लोक वाकून वाकून बघू लागले. हे आम्ही लिहिलं? मास्तरांची सही सहाव्या ओळीवर, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात. आयुष्यभर मुलांना प्रश्न नीट वाचून उत्तर लिहा म्हणून छड्या मारणारा माणूस, रुमालानं कपाळ पुसू लागला. एकेचाळिसाव्या ओळीवर आमच्या लेकीची सही होती. तिनं ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. या वेळी कारण वेगळं होतं.

बायको उभी राहिली. म्हणाली, साहेब, हा कागद लोकांनी वाचलेला नाही. साहेब म्हणाले, सिस्टर, सही म्हणजे सही, लोक वाचत नाहीत हा काही आमचा दोष नाही. त्यांचं बरोबर होतं आणि म्हणून मला त्यांचा अधिकच राग आला. मग तिनं फॉर्म हातात घेतला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"या वरच्या दोन ओळी बघा. रिकाम्या आहेत. लोकांनी तिसरीपासून सह्या केल्यात, कारण आमच्याकडे पहिली ओळ माझी असते आणि दुसरी यांची. हा कागद माझा आहे असं समजून त्यांनी जागा सोडली."

साहेबांनी चष्मा वर केला. मास्तर म्हणाले, खरं आहे, बावीस वर्षांची सवय आहे. साहेब म्हणाले, पण तुमच्या यजमानांच्या दुकानातून कागद आला आणि तुमचे यजमान दवाखान्याबद्दल काय बोलतात हे मलाही इथं बसून ऐकू आलंय. माझे कान तापले.

बायको म्हणाली, "मुद्दाम करायचं असतं तर यांनी दुसऱ्या ओळीवर सही केली असती. त्यांची सही नाही. यांनी कधीच कशावर सही केलेली नाही. हा माणूस वाचतच नाही, साहेब."

आता याला शाबासकी म्हणायची की चपराक, मला कळेना. तीन दिवस छातीवर ठेवलेला दगड एकीकडे उतरला आणि दुसरीकडे सगळ्या गल्लीसमोर माझी लाज गेली. साहेबांनी विचारलं, खरंय का हे? मी उभा राहिलो. म्हणालो, खरं आहे, कागद मीच ठेवला, मीच दिला, बावीस वर्षांत तिचा एकही कागद मी वाचलेला नाही. कुणीतरी मागे हसलं. बसड्रायव्हर असावा.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. ज्यांनी ज्यांनी सही केली त्यांनी नव्या अर्जावर लेखी द्यायचं की मागची संमती न वाचता दिली होती आणि आता मागे घेतोय. निम्म्याहून जास्त लोकांनी दिलं तर विचार करू. आणि या वेळी, साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, लोकांना वाचून दाखवा.

बायकोनं दुसऱ्याच दिवशी सकाळी अर्ज लिहून आणला. दुकानात मास्तर बसले होते, दोन आया गणवेश न्यायला आल्या होत्या. तिनं अर्ज टेबलावर ठेवला, पहिल्या ओळीवर सही केली. मी म्हटलं, आता तरी शहाणपण करावं. मी पेन उचललं आणि दुसऱ्या ओळीवर टेकवणार, तेवढ्यात तिनं कागद ओढून घेतला.

"आधी वाचा. मोठ्यानं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांनी सही करतोय तर यांचे नखरे. लोक थांबलेत, इस्त्री तापलीय. पण तिचा चेहरा बघितला आणि मुकाट चष्मा लावला. वाचायला लागलो. दवाखाना का हलवू नये, याची कारणं होती. मग गेल्या पंधरा वर्षांत तिथं वेळेवर पोचल्यामुळे वाचलेल्या लोकांची यादी. नावं नव्हती, नुसते क्रमांक. क्रमांक एक, मुलगी, वय चार, तापात आकडी आली. क्रमांक दोन, स्त्री, बाळंतपणाच्या कळा. मी घडाघडा वाचत होतो. सात. आठ.

"क्रमांक नऊ. पुरुष, वय एकोणपन्नास, व्यवसाय शिवणकाम. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दुकानात कोसळला. नाडी लागत नव्हती. श्वास नव्हता. घरातल्या व्यक्तीनं छाती दाबायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी टेबलाची फळी काढून तीवरून दवाखान्यात नेलं. चार मिनिटं लागली. तिथं यंत्राचा झटका दिल्यावर नाडी परत आली. नवी इमारत इथून गाडीनं पंचवीस मिनिटांवर आहे."

मी थांबलो. दोन्ही आया खाली बघत होत्या. मास्तर छताकडे बघत होते. माझं बोट कधी त्या तड्यावर गेलं, मला कळलं नाही.

मी म्हणालो, "सात वर्षं. सात वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"कागद कपाटात होता," ती म्हणाली. "तुम्ही वाचला नाहीत."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती. मग म्हणाली, दवाखाना उठू दे असं तुम्ही म्हणायचात ना, तेव्हा मला तुम्हाला फाडून खावंसं वाटायचं. पण सांगितलं असतं तर घाबरून मशीनवर बसला नसता तुम्ही. मला माहीत आहात तुम्ही.

ती चोवीस वर्षं माणसं बघतेय आणि अठ्ठावीस वर्षं मला. मी उरलेला अर्ज वाचला, पंधरा क्रमांकांपर्यंत, एकही शब्द न गाळता. आणि दुसऱ्या ओळीवर सही केली. सही वाकडी आली.

मग मी दुकान बंद केलं. गणवेशांच्या ऐन हंगामात, तीन दिवस. आया ओरडल्या, ओरडू दे. आधी लेकीपाशी गेलो. तिनं मला बसवून अर्ज शेवटपर्यंत वाचायला लावला, सही केली आणि म्हणाली, बाबा, मी त्या दिवशी बोलले ते चुकलं. मी म्हटलं, तू एकेचाळिसावी आहेस हे मी जन्मभर विसरणार नाही. ती रडता रडता हसली.

आणि मग घर, घर, घर. एकशे अडतीस दारं नाही म्हणता येणार, एका घरात तीन-तीन सह्या होत्या, पण जिने मोजले तर तेवढेच झाले असतील. प्रत्येक दारात मी पहिल्यापासून वाचायचो. लोक म्हणायचे, अहो द्या इकडे, करतो सही, सिस्टरचा कागद आहे ना. मी म्हणायचो, नाही, ऐकावं लागेल. घसा बसला. एक म्हातारा मधेच झोपला, त्याला उठवून परत पहिल्यापासून वाचलं. आणि नवव्या क्रमांकाशी आलो की मी थांबायचो आणि सांगायचो, हा मी.

लोक म्हणायचे, माहीत आहे.

प्रत्येक दारात हेच. माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि सात वर्षं एकानंही तोंड उघडलं नाही, कारण सिस्टरनं सांगितलं होतं, त्यांना घाबरवू नका. मी दवाखान्याच्या नावानं बोटं मोडायचो तेव्हा हे लोक हसायचे ते कशाला, हे मला आत्ता कळत होतं. बसड्रायव्हर तिसऱ्या मजल्यावर राहतो. धापा टाकत पोचलो. त्यानं आधी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग सगळं ऐकून घेतलं. नववा क्रमांक आला. मी म्हटलं, हा मी.

तो म्हणाला, "फळीचं पायाकडचं टोक माझ्याकडे होतं. दवाखान्याच्या पायरीवर आपटलं, तेव्हा तडा गेला. सिस्टर पूर्ण रस्ता तुमच्या छातीवर हात मारत, मोठ्यानं आकडे मोजत बरोबर पळत होत्या."

मी उरलेले सहा क्रमांक वाचले. मग त्यानं सही केली.

सोमवारी एकशे अडतीसपैकी एकशे एकतीस जणांच्या सह्या दिल्या. सात माणसं परगावी गेली होती. महिन्याअखेर नोटीस निघाली, दवाखाना आहे तिथंच राहील. लिपिक स्वतः पत्र घेऊन आला. बायको ड्युटीवर होती. तो म्हणाला, सिस्टरना द्या. मी म्हटलं, थांबा, चष्मा लावतो, आणि त्याला उभं ठेवून तारखेपासून शिक्क्यापर्यंत सगळं वाचलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता सगळं सुरळीत झालं असेल असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. काल बघतो तर टेबलावर नवा कागद. दवाखान्यापुढच्या फुटपाथचा. वर माझी कात्री, आणि मी एका गिऱ्हाइकाचा कोट बेतत होतो. पहिल्या ओळीवर सही. दुसरी रिकामी. मी ओरडलो, अगं, काही ताळतंत्र आहे का नाही, कामाच्या वेळी? ती आतून म्हणाली, तुमची घाई नाही. तेवढ्यात एक नवा भाडेकरू आला, कात्री सरकवली, पेन उचललं. मी त्याचा हात धरला. म्हटलं, बसा. पाचच पानं आहेत.